साळीची वाफ

आमच्या शेडमधलं वाळवणीचं यंत्र चालू होताना खाकरतं. आधी मोटार घुमते, पट्टा एकदा घसरतो, पंख्याच्या पत्र्याच्या पोटात काहीतरी अडकल्यासारखं होतं, आणि मग घसा साफ करून कुणीतरी बोलायला लागावं तसं ते एकदम सुरळीत चालू लागतं. याचं शास्त्रीय कारण मला ठाऊक आहे. पंख्याचं एक पातं जरासं वाकलेलं आहे, आणि ते मीच वाकवलेलं आहे, दुरुस्त करताना. तरीही ते खाकरणं कानावर पडलं की मी हातातलं काम टाकून सरळ उभा राहतो. माझे थोरले भाऊ, आण्णा, दारात पाऊल टाकण्याआधी हुबेहूब असेच खाकरायचे. त्यानंतरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा माझ्या अकलेविषयी असायचं.

यंदा ते खाकरणं पुन्हा सुरू झालं आहे. परतीचा पाऊस आला आणि मुक्कामालाच राहिला. आमच्या ईट गावच्या शिवारात सोयाबीनच्या गंजी ताडपत्रीखाली उभ्या आहेत. ताडपत्रीच्या खळग्यांत पाणी साचलंय आणि त्या पाण्यात ढग दिसतात. गंजीत कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागते. ही ऊब चांगली नव्हे. तापानं फणफणलेल्या लेकराच्या पांघरुणात हात घातल्यावर लागते तसली ती असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला वास सुटतो, ओल्या गोणपाटाचा आणि आंबलेल्या पिठाचा मिळून होतो तसा. तो वास गल्लीगल्लीतून फिरला की लोकांना माझी आठवण होते. एरवी वर्षभर मला कुणी विचारत नाही, त्या दिवसांत मात्र मी 'इंजनेर साहेब' असतो. ही पदवी मला कुठल्या विद्यापीठानं दिलेली नाही. पुण्याच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पंखे जोडत होतो एवढ्या भांडवलावर गावानं ती बहाल केली, आणि मीही ती परत केली नाही.

हे यंत्र मुळात भाताचं. पूर्व विदर्भातल्या कुठल्याशा गिरणीनं टाकून दिलेलं, ते आमच्या शेतकरी गटानं जुनं उचललं. उंच पत्र्याची कोठी, आत चाळणीसारखी जाळी, खाली भट्टी, बाजूला पंखा. भट्टीची गरम हवा पंखा आत ढकलतो, ती धान्यातून वर जाते, ओल घेते आणि माथ्यावरच्या चौकोनी भोकातून बाहेर पडते. इतकं साधं. पण आमचा मुलूख ज्वारीचा. इथं भात सणाला होतो, नाहीतर आजाऱ्याला. भाताचं यंत्र ईटला आणणं म्हणजे परंड्याच्या किल्ल्यात आगबोट आणून बांधण्यातला प्रकार होता. कुणीतरी तशी शंका काढलीही. तेव्हा आमच्या गटाचे अध्यक्ष नाना मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "भात वाळवतंय, तर सोयाबीन काय त्येची सवत हाय व्हय?"

नाना तेव्हाही म्हातारे होते आणि आजही तेवढेच म्हातारे आहेत. भट्टीसमोर पोत्यावर बसून ते यंत्राची देखरेख करतात, म्हणजे मला टोमणे मारतात.

पहिल्या वर्षी यंत्रानं सोयाबीन वाळवलं खरं, पण बाभळीची लाकडं अशी खाल्ली की बघत राहावं. आण्णा कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होते. मग शिडी लावून वर चढले, माथ्यावरच्या भोकावर तळहात धरला आणि तिथूनच ओरडले, "निम्मा जाळ तर हितनंच पळून चाललाय! आरं, झाकण लाव त्येला. जळण फुकट चाललंय!"

'जळण फुकट चाललंय' हे आण्णांचं जगाकडं बघण्याचं सूत्रच होतं. दिवसाउजेडी जळणाऱ्या दिव्याला ते असं म्हणत. चुलीवर भांडं नसताना जाळ दिसला की म्हणत. परंड्याला एका पुढाऱ्याचं भाषण लांबलं तेव्हा भर सभेत, मागच्या रांगेतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते. आणि मी पुण्याहून कायमचा परत आलो, ओसरीवर बसून पुढं काय काय करणार ते त्यांना तासभर सांगितलं, तेव्हाही शांतपणे ऐकून घेऊन हेच म्हणाले.

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी यंत्राचं खाणं कमी करायचा विडा उचलला. भट्टीपासून पंख्यापर्यंत जाणारा लोखंडी पाइप उघडा होता आणि वाटेतच उष्णता सांडत होता. तो झाकायला हवा, इथवर माझं बरोबर होतं. मी त्याला पोती गुंडाळली. सुतळीनं छान आवळली, लांब उभा राहून कौतुकानं पाहिलं आणि भट्टी पेटवली. पोत्यांनी आधी धूर दिला, मग जाळ. मी "पाणी, पाणी" करत यंत्राभोवती फिरत राहिलो. नाना हाताला आली ती बादली घेऊन धावले आणि पाइपावर उपडी केली. बादलीत पाणी नव्हतं, सारवणाला कालवलेला शेणकाला होता. जाळ विझला. शेणमाती आणि करपलेली पोती यांचं एक जाडजूड कवच पाइपावर बसलं, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या कवचामुळं पाइप बाहेरून गार राहतोय आणि हवा आत जास्त गरम पोचतेय. आजही दर उन्हाळ्यात त्या पाइपाला शेणमातीचा लेप दिला जातो. आलेल्या पाहुण्यांना मी तो 'देशी उष्णतारोधक' म्हणून दाखवतो. नाना तेव्हा छपराकडं बघत बसतात.

आण्णा त्या दिवशी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "तुझं नशीब लई हुशार हाय बग. तू त्येच्या मदी मदी नगो जाऊ."

ते उन्हाळ्याचे दिवस होते. मृगानंतर त्यांनी साळ पेरली.

साळीबद्दल सांगायला हवं. तळ्याच्या खालच्या अंगाला आमच्या घरचा एक पाणथळ तुकडा आहे, तिथं दुसरं काही धड येत नाही. तिथं आण्णा पाभरीनं साळ पेरायचे. बियाणं वहिनींच्या माहेरचं. वहिनी तामलवाडीच्या. लग्नात त्यांची ओटी भरली तेव्हा तांदळाच्या जागी त्यांच्या वडिलांनी साळ घातली होती आणि सांगितलं होतं, खाऊन टाकू नको, पेर. नंतर माहेरच्या शेतात द्राक्षं आली, ऊस आला, आणि ती साळ तिथून गेली. राहिली ती एवढ्या एका पाणथळीत. काळपट तांबूस टरफल, दाणा बुटका, दिसायला काहीच नाही. पण भात शिजायला लागला की रस्त्यावरच्या माणसाला कळायचं. आण्णा म्हणायचे, "आमच्यात भात शिजला की आमच्या आधी गाव जेवतंय."

श्रावणातल्या एका सकाळी आण्णा गोठ्याकडं गेले. दारात खाकरले. आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

त्या वर्षीचा परतीचा पाऊस माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. तसं बघितलं तर पाऊस पावसासारखाच होता. पण घरातला मोठा माणूस गेल्यावर पाऊससुद्धा वेगळा ऐकू येतो. पत्र्यावर तो पडायला लागला की वाटायचं, आता कुणीतरी म्हणेल, ताडपत्री बांध. कुणी म्हणायचं नाही, म्हणून मी उठायचो नाही, आणि मग भिजायचं ते भिजायचं. सोयाबीन वाळवताना शेडमधलं कोरडं लाकूड बघता बघता संपत आलं. बाहेरचं सगळं ओलं. तुराट्यासुद्धा पेटण्याआधी रडायच्या. अशा दिवसांत एका सकाळी वहिनी बैलगाडी घेऊन शेडवर आल्या. गाडीत ताडपत्रीखाली साळीची पोती होती.

"भावजी, येवढी वाळवून द्या."

मी पोत्यात हात घातला. आत ती ऊब होती.

"वयनी, घरात पंख्याखाली पसरली आसती तर..."

"पसरली व्हती की. खालच्या अंगाला मोड यायला लागलेत." मग पोत्याकडं बघत म्हणाल्या, "ह्यांनी पेरलेली हाय. मला खायला नको. फुडल्या साली पेरल्यावर उगवली पायजे. दुसरं कायच न्हाय."

नाना मान खाली घालून भट्टीतली राख ओढत राहिले. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "व्हतंय की." माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच शब्दांनी सुरू झालेली आहेत.

अडचण अशी होती. खायच्या धान्याला जाळ थोडा जास्त लागला तर दाणा तडकतो, कणी होते, आणि कणीचाही भात होतो. बियाण्याचं तसं नसतं. त्याच्या पोटात जीव असतो. फार तापलं तर दाणा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, वजन तेच, रंग तोच, आत मात्र कुणी नसतं. आपल्याला ते कळतं पेरल्यावर, रान गप्प राहिलं की. मी घरातला ताप बघायचा थर्मामीटर आणून साळीत खुपसला होता. माणसाचा ताप मोजणारी ती पट्टी जिथं संपते, साधारण तिथंच बियाण्याचाही जीव संपतो. हा योगायोग असेल. पण त्या दिवसांत मला कुठलाच योगायोग साधा वाटत नव्हता.

जाळ मंद ठेवायचा तर वेळ जास्त लागणार, वेळ जास्त तर लाकूड जास्त, आणि लाकूड तर नव्हतंच. साळ तशीच ठेवावी तर पोत्यातच उगवणार. मी यंत्राभोवती फेऱ्या मारत होतो आणि डोक्यात एकच आवाज होता. झाकण लाव त्येला. जळण फुकट चाललंय. ठरवलं, हा जुना हुकूम आता पाळायचा. माथ्यावरून जी गरम हवा पळून जाते, ती पकडायची आणि पुन्हा पंख्याच्या तोंडात सोडायची. एकदा तापवलेली हवा पुन्हा पुन्हा वापरायची.

आमच्या स्टँडवरच्या वेल्डरला, रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी माथ्यावर एक झाकण बसवलं आणि तिथून पंख्यापर्यंत वाकडा पाइप आणला. काम झाल्यावर लांब जाऊन त्यांनी सगळ्या रचनेकडं मन लावून पाहिलं आणि म्हणाले, "साब, ये तो हुक्का हो गया."

"हुक्काच हाय," मी म्हणालो. "आता बघा गुडगुड."

रशीदभाई हसत स्टँडकडं गेले. सुरुवातीला झाकण उघडंच ठेवलं होतं. यंत्र खाकरलं, चालू झालं, आणि थोड्या वेळानं माथ्यावरून वाफ निघाली. त्या वाफेबरोबर वास आला.

मी तयारीत नव्हतो. कुणीच नव्हतं. साळ अजून साळ होती, तिचा तांदूळही झाला नव्हता, शिजणं तर लांबच. पण ऊब लागताच तिनं आपला वास सोडून दिला. तो शेडच्या पत्र्याखाली भरला, मग रिमझिमीतून बाहेर पडून उताराला लागला. आण्णांच्या ओसरीवरच्या पंगती, पितळी पातेल्यावरचं झाकण उचलल्यावरचा तो पहिला लोट, "वाढ की, का नुसता वास देतीयास?" असं वहिनींना ओरडणं, हे सगळं तिथं, सोयाबीनच्या कुजक्या वासाच्या मधोमध येऊन उभं राहिलं. रस्त्यानं जाणारा एकजण सायकलवरून उतरला. नानांनी राखेतली फावडी तशीच धरून विचारलं, "कुणाच्यात शिजतोय रं भात?" आणि विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

वहिनींचं घर शेडपासून हाकेच्या अंतरावर, वाऱ्याच्या वाटेवर. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही करत नव्हत्या. नुसत्या उभ्या.

मी मात्र इंजनेर होतो. मला त्या भोकातून लाकूड उडून जाताना दिसत होतं. मी शिडीवर चढलो आणि झाकण लावलं.

वास थांबला. भट्टीत लाकूड कमी घातलं तरी थर्मामीटरचा आकडा हलेना. मी आनंदानं नानांना भाषण दिलं. तापलेली हवा आपण कशी मूर्खासारखी सोडून देतो, जगात कोणकोणत्या देशांत ती कशी परत वापरतात, ईटमध्ये आज काय घडतंय. नाना म्हणाले, "झालं का? मग लाकूड घालू का भाषणावरच चालतंय?"

बऱ्याच वेळानं वहिनी चिखल तुडवत आल्या.

"भावजी, वास का बंद झाला?"

"वयनी, त्येच तर! वास बंद म्हंजे जाळ वाचतोय."

त्या कोठीकडं बघत राहिल्या. "वाचू द्या की वं. पर जरा यिऊ द्या. तेवढीच ह्यांची चाहूल व्हती."

देशोदेशीचं भाषण मी तिथंच टाकलं. मी शिडी चढलो आणि झाकण उचललं. आतून वाफेचा असा लोट आला की माझा चष्मा पांढरा झाला, तोंड भाजलं, आणि झाकणाच्या खालच्या बाजूनं पाण्याच्या धारा थेट साळीत पडल्या. आंधळ्यासारखा हात आत घातला. साळ घामानं निथळत होती. ओल घेऊन वर आलेली हवा मी पुन्हा खालून तिच्याच अंगात घालत होतो. ती वाळणार कशी? मी बंद कोठीत आण्णांची साळ उकडत बसलो होतो. अजून थोडा वेळ गेला असता तर चांगला उकडा तांदूळ मिळाला असता, आणि पाणथळ कायमची गप्प झाली असती. वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना फक्त वास हवा होता.

मी झाकण फेकून दिलं. थर्मामीटर बघितला, तो शेवटच्या आकड्यांत घोटाळत होता. "जाळ ओढा, जाळ ओढा!" मी वरून ओरडलो, आणि नाना भट्टीतले निखारे बाहेर ओढत असतानाच लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. शेवटचा आवाज सुस्काऱ्यासारखा होता.

यंत्र थांबल्यावरची ती शांतता मला आठवते. पत्र्यावर पाऊस. ओल्या निखाऱ्यांचा चरचराट. कोठीच्या पोटात गरम, ओली, अडकून पडलेली साळ, आणि आम्ही तिघं. मला मनातून खात्री होती की आता मागं, दारात, कुणीतरी खाकरेल. मी मागं वळून बघितलं नाही. वहिनींनीही बघितलं नाही, पण त्यांनी पदर सावरून डोक्यावर घेतला. वडीलधारं माणूस आल्यावर घेतात तसा.

लाइट लवकर आली नाही. मी अधूनमधून साळीत हात घालत होतो. दाणे वरून पुन्हा दमट लागायला लागले होते आणि मला वाटलं, संपलं, बिघडली. दिवस कलायला आला तेव्हा पंखा खाकरला. आम्ही जेमतेम दोन-चार लाकडांचा जाळ केला, तेवढीच उरली होती. झाकण उघडं. आणि साळ वाळायला लागली. दुपारभर एवढा जाळ खाऊन जी वाळली नव्हती, ती आता एवढ्याशा उबेत भराभरा ओल सोडू लागली.

नंतर मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं, कृषी खात्यातल्या एका जाणकाराला विचारलंही. दाण्याच्या पोटातली ओल एकदम बाहेर येत नाही. वरचं साल वाळतं, आतलं आतच राहतं, आणि आपण वेड्यासारखा जाळ घालत राहतो. तो जाळ फुकट जातो आणि वर दाणाही तडकतो. दाण्याला मध्ये थांबू द्यावं लागतं. जाळ बंद, हवा बंद. तेवढ्यात आतली ओल आपली आपण सालापाशी येऊन बसते. मग थोडी ऊब दिली तरी निघून जाते. भात वाळवणाऱ्यांना हे कधीचं ठाऊक आहे. मला ते वीज मंडळाच्या कृपेनं कळलं.

आणि झाकणाचं गणित माझ्या चष्म्यानं सोडवलं. सुरुवातीची हवा ओलीचिंब असते, ती जाऊच द्यायची, तिच्याबरोबर कितीही उष्णता गेली तरी. शेवटी शेवटी येणारी हवा कोरडी असते, ती परत घ्यायची. चष्मा काढून भोकावर धरायचा. धुरकटला तर झाकण उघडं. स्वच्छ राहिला तर बंद. आजही आमच्याकडं हेच चालतं. शेडवर कुणी नवखा आला आणि नाना ओरडले, "इंजनेर, चष्मा आण!" तर त्याला वाटतं साहेबांना काही वाचायचंय.

काय जाऊ द्यायचं आणि काय परत घ्यायचं, हे यंत्राच्या बाबतीत मला जमलं. माणसाच्या बाबतीत असा चष्मा कुठं मिळतो ते अजून कळलेलं नाही. श्रावणातले ते पहिले दिवस मी कोरडाठाक होतो, लोक म्हणाले, धीराचा आहे. आणि कार्तिकात एकदा भूमच्या बाजारात कुणीतरी मागं खाकरलं, तर हातातली पिशवी सोडून मी भर रस्त्यात रडलो. वांगी गटारात गेली. विकणारी बाई म्हणाली, "दादा, दुसरी देते, पर रडू नका की वं."

साळ वाळली, पोत्यात भरली, वहिनींच्या घरी गेली. पण ती जिवंत होती का, हे कुणालाच माहीत नव्हतं. वहिनींनी मूठभर दाणे आण्णांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधले, भिजवले आणि चुलीजवळच्या उबेला ठेवले. मी त्यांच्या घराकडं जायचं बंद केलं. मला पंख्याचा नवा पट्टा आणायला परंड्याला जावं लागलं. जुना पट्टा चांगला होता. दुकानदारानं माप विचारलं तर ते मला ठाऊक नव्हतं. मी अंदाजानं एक घेतला, स्टँडवर बसून कुर्डुवाडीच्या गाड्या सुटताना बघत राहिलो आणि शेवटच्याच्या आधीच्या गाडीनं परत आलो. तो पट्टा आमच्या यंत्राला बसत नाही. अजून खिळ्याला लटकतोय.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो तर वहिनी माझ्या आधी येऊन नानांच्या पोत्यावर बसलेल्या. नाना उभे. वहिनींच्या मांडीवर ती धोतराची गाठ होती.

"या, भावजी. तुमच्यापायी सोडली न्हाय."

त्यांनी गाठ सोडली. ओल्या फडक्यात काळपट दाणे पसरले होते. काही तसेच, बंद. आणि काहींच्या टोकाला पांढरा, सुईच्या अणीएवढा मोड. मी वाकून बघत होतो आणि चष्मा धुरकटला, पण ती वाफ कुठल्याही यंत्रातून आलेली नव्हती.

"समदे न्हाय आले," नाना हळूच म्हणाले.

"न येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "म्या समदे पेरणार हाय. काही उशिरा उठत्याल. ह्यांना बी उठायला उशीरच व्हायचा."

आणि त्या हसल्या. श्रावणानंतर पहिल्यांदा.

पाणथळीत ती साळ त्या साली विरळ उगवली, पण उगवली. पुढच्या साली दाट झाली. मध्यंतरी तामलवाडीहून वहिनींचे भाऊ येऊन थोडं बियाणं घेऊन गेले. गेलेली साळ लेकीच्या घरून माहेरी परतली. आमचं यंत्र आता पहिल्यापेक्षा कितीतरी कमी लाकूड खातं. लांबून लोक बघायला येतात. मी त्यांना शेणमातीचा लेप दाखवतो, हुक्का दाखवतो, विसाव्याचं महत्त्व सांगतो, आणि हे सगळं मी ठरवून केलं अशा थाटात सांगतो. नाना छपराकडं बघतात.

दोन गोष्टींत मात्र मी अजून उधळ्या आहे. एक म्हणजे ते वाकलेलं पातं. त्यामुळं मोटार उगीच थोडी जास्त वीज ओढते. रशीदभाई दर वर्षी म्हणतात, "साब, दस मिनट का काम है, सीधा कर देता." मी म्हणतो, पुढल्या साली.

दुसरी गोष्ट साळीची. सोयाबीन असो, तूर असो, चष्मा कोरडा दिसला की मी ताबडतोब झाकण लावतो. साळीच्या खेपेला लावत नाही. वाफ संपते, हवा कोरडी होते, चष्मा लख्ख राहतो, तरी मी शिडीवरच काहीतरी खुडबुड करत बसतो आणि ती हवा जाऊ देतो. शेवटी शेवटी वास अगदी विरळ होतो. आहे की नाही असा. खाली उतारावरच्या दारात वहिनी तांदूळ नाहीतर लसूण निवडत बसलेल्या असतात. नाना विचारतात, "काय चाललंय वर?" मी म्हणतो, "बिजागरी तपासतोय." त्या झाकणाला बिजागरी नाही.

काल पुन्हा साळ वाळायला लावली होती. आभाळ भरलेलं, बारीक भुरभुर. यंत्र खाकरलं, चालू झालं, मध्ये विसावा दिला, पुन्हा चालू केलं. दुपार कलली. चष्मा केव्हाचा कोरडा होता. मी वर बसून बिजागरी तपासत होतो. वहिनी दारात. केस आता पूर्ण पांढरे झालेत, सुपात काहीतरी होतं, पण हात थांबलेले. बराच वेळ त्या तशाच होत्या, तोंड वाऱ्याकडं करून. मग सूप खाली ठेवून उठल्या, आणि सगळ्या उताराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडल्या,

"झाकण लावा की आता! जळण फुकट चाललंय!"

"व्हय, आण्णा," मी म्हणालो.

नानांनी भट्टीकडं तोंड फिरवलं. वहिनींनी खाली ठेवलेलं सूप उचललं. माझी चूक त्यांनी दुरुस्त केली नाही.

मी झाकण लावलं.